इंजिनाला तेल

“मोटारीत काय जळतंय ते सूर्यास्ताच्या आत सांगा! पण झाकणाला कुणी हात लावायचा नाही!”

खडकावळीचे आबासाहेब महाराज भर दरबारात गरजले. कारणही तसंच होतं. शेजारच्या संस्थानचे राजे आज मोटारीत बसले आणि दोन फर्लांगांवर नाकाला रुमाल लावून उतरले. वर म्हणाले, “आमचा हत्ती बरा बुवा, करपत तरी नाही!”

मोटारीच्या झाकणाला चांदीचं कुलूप होतं आणि किल्ली महाराजांच्या कमरेला. राजवाहनाच्या गाभाऱ्यात परक्याचा हात नको, हा त्यांचा हट्ट. पुण्याहून मिस्त्री आला होता. “आधी झाकण उघडा,” एवढंच तो म्हणाला आणि त्याला पुण्याला चालत जावं लागलं.

“ज्याच्या हातानं हे जळतंय,” महाराजांनी हुकूम सोडला, “तो मोटार ढकलत वेशीपर्यंत नेईल आणि तिथूनच संस्थान सोडील! कुणी सापडला नाही, तर हैबती ड्रायव्हर, तू!”

हैबती गुरव तोंडात मारल्यासारखा मारुतीच्या देवळात आला. त्याची धाकटी बहीण ठकू पदर खोचून फरशीवरचं तेल निपटत होती. शनिवार होता. सगळ्या गावानं देवाला तेल घातलेलं आणि पुसायला एकटी ठकू! भावाची हकिगत ऐकून ती घाबरली. दादा गेला तर म्हाताऱ्या वडिलांना आणि तिला कोण होतं? पण ठकूचं असं की, भीती वाटली की तिची जीभ जास्तच चालायची.

“रडतोस काय दादा? वास कवा येतो ते सांग.”

“शनवारी लई. मंगळवारपातुर उतरतो. पुन्ना शनवार आला की हायेच!”

“आगं बया! मोटार उपास धरती का काय?”

ठकू उठली ती थेट वाड्यावर. मोटारीभोवती तिनं एक फेरी मारली, झाकणाच्या फटीशी नाक नेलं, मग वाकून खाली पाहिलं. फरशीवर थेंब पडला होता. काळा म्हणावा तर कडेला केशरी. तिनं तो बोटावर घेतला, हुंगला आणि तिला हसूच फुटलं. तिळाचं तेल, शेंदूर, आणि वर रुईची करपलेली पानं! जन्म ज्या वासात गेला तो ती चुकेल होय?

“दादा, ह्या झाकणात शनवारी कोन हात घालतं?”

“सरकारच. पहाटे, अंघोळ करून. मोटार आली त्या दिशी मी म्हनलं, सरकार, इंजिनाला तेल लागतं. तर म्हनले, आम्ही सोताच्या हातानं घालू!”

ठकूनं कपाळावर हात मारला. चोर सापडला होता, पण त्याचं नाव घ्यायचं कुणाच्या तोंडानं?

ऊन उतरायच्या आधी ती दरबारात उभी राहिली. एका हातात पणती, दुसऱ्या हातात तेलाची बुधली.

“सांग पोरी, काय जळतंय?” महाराज म्हणाले.

“सांगते, सरकार. पर आधी दिवा लावू. तेवढं तेल आपल्या हातानं घाला.”

महाराजांनी पणतीत तेल ओतलं.

“अवो सरकार, ह्ये काय केलंत? दिव्यात घातलंत! मला वाटलं, दिव्याला घालाल. डोक्यावरनं, मारुतीला घालत्यात तसं!”

“वेडी की खुळी तू?” महाराज उसळले. “तेल मारुतीला वरून घालतात, दिव्याला आतच घालावं लागतं! पेटत्या गोष्टीवर वरून तेल ओतलं, तर ते जळेल, धूर होईल, घाण वास सु...”

महाराजांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

“सुटंल,” ठकूनं वाक्य पुरं केलं. “आन आत तेल सरत आलं म्हनल्यावर आतलंबी करपंल.”

महाराजांनी ती काढून हैबतीच्या हातात दिली. झाकण उघडलं आणि दिवाणजींनी चटकन तोंडापुढे उपरणं धरलं. इंजिन शेंदरानं माखलेलं! वर तेलाचे थर, आणि गळ्यात, जिथं कुठं इंजिनाचा गळा असेल तिथं, रुईच्या पानांची जळून कोळसा झालेली माळ!

हैबतीनं इंजिन गार होऊ दिलं, चिंध्यांनी सगळं पुसून काढलं, बाजूचं बूच फिरवलं आणि आत, अगदी आत, मोटारीचं तेल ओतलं. मग हँडल मारलं. मोटार घुरघुरली. महाराज स्वतः नाक पुढे करून पाच मिनिटं उभे राहिले. वास नाही!

सगळ्यांना हायसं वाटलं. तेवढ्यात दिवाणजी खाकरले. “सरकार, तो हुकूम... ज्याच्या हातानं...”

महाराजांचा चेहरा पडला. राजाचा शब्द! एकदा त्यांनी मोटारीकडे पाहिलं, एकदा लांबच्या वेशीकडे. ढकलायची म्हणजे चढच होता.

“सरकार,” ठकू पुढे झाली, “हाताचा काय गुन्हा? दादा म्हनला, इंजिनाला तेल लागतं. हातानं ‘ला’चं ऐकलं! दादानं ‘इंजिनात’ म्हनलं असतं, तर आत गेलं असतं. आग लावली ती ह्या ‘ला’नं! हद्दपार करायचं तर त्यालाच करा. ढकलायलाबी हलका हाय!”

मग महाराज असे हसले, असे हसले, की पगडी सावरायला दोन हुजरे धावले.

“दिवाणजी, लिहा! आजपासून मोटारखान्यात ‘ला’ला बंदी! किल्ली हैबतीकडे. चांदीचं कुलूप या पोरीला. आणि वाड्यातलं शनिवारचं तेल पुन्हा खऱ्या मारुतीला!”

“सरकार, कुलूप नको,” ठकू हात जोडून म्हणाली.

“मग काय हवं?”

“पुसायला मानूस द्या!”

दुसऱ्या शनिवारपासून देवळाची फरशी निपटायला वाड्यावरचे दोन हुजरे येऊ लागले. आणि कुलूपही आलंच. ठकूनं ते देवळातल्या तेलाच्या कोठीला लावलं.