तात्यांचं अत्तर

मोबाइलवर किडीचा इशारा येणं गावाला नवं होतं, तेव्हाची ही गोष्ट. कपाशीवर बोंडअळी येणार, असा निरोप कृषिसहायक शैलजाताईंनी सगळ्यांना धाडला. दुसऱ्या सकाळी चहाच्या टपरीवर पुढारी यादवतात्या गरजले, "यंत्राला काय डोंबल कळतंय? कुणी फवारायचं नाही!"

लोक माना डोलावू लागले. पीक हातचं जाणार म्हणून टपरीवर आलेल्या ताई तात्यांना समजवायला पुढे सरसावल्या. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि ताई हसल्या.

"यंत्राचं राहू द्या, तात्या. हा निंबोळी अर्क कपाशीवर फवारून आलात, की सदऱ्याला अत्तर म्हणून लावलात?"

दुपारपर्यंत गावभर पंप सुरू झाले.

ताई आता निवृत्त आहेत. निंबोळीचा वास आला, की त्यांना ती टपरी आठवते, आणि ओशाळून स्वतःच खदखदून हसणारे तात्या.