काचेखालचा मोगरा

सांगा बरे, थंडी पडली की आई लेकराला पांघरूण घालते. पण तेच पांघरूण काढायची वेळ कोणती, हे तिला कोण सांगते?

एका राज्यात विक्रांतदेव नावाचा राजा होता. त्याची राणी शर्वाणी, आणि त्यांना एकुलता एक मुलगा, चंद्रकेतू. राणीचा जीव सगळा त्या लेकरात. वारा सुटला की खिडक्या लाव, पाऊस आला की दारे लाव. पौषातल्या एका संध्याकाळी गडाच्या दाराशी एक म्हातारी आली. थंडीने तिचे ओठ निळे पडले होते. पहारेकऱ्यांनी विचारले, “राणीसाहेब, आत घ्यायचे का?”

राणी म्हणाली, “दार उघडू नका. गारठा आत येईल. केतूला पडसे झाले आहे.”

ती म्हातारी म्हणजे जादूगारीण दहिवरी होती. ती बाहेरूनच बोलली, “ज्या लेकरासाठी दार लावलेस, ते आता दाराबाहेर उभे राहील.”

राणी मागे वळली. मंचकावर मुलगा नव्हता. ती सज्ज्यात धावली, तर अंगणात वीतभर उंचीचे मोगऱ्याचे रोप उभे होते, वाऱ्याने थरथरत.

“चैत्रात याची पहिली कळी उमलली, तर मुलगा तुझा,” दहिवरी म्हणाली. “त्याआधी रोप करपले, तर तो माझा.” आणि धुके व्हावे तशी ती विरून गेली.

राणीने आपली शाल काढून रोपावर घातली. पहाटे पाहिले, तर शाल दहिवराने कडक झाली होती आणि शेंड्याचे पान काळे पडले होते. राणी तिथेच बसून रडू लागली.

तेव्हा कठड्यावर एक साळुंकी येऊन बसली. “रडून झाले की सांग,” ती म्हणाली, “मग काम सांगते.”

“झाले. सांग.”

“तीन कामे आहेत. ऊन आत घेईल आणि गारठा बाहेर ठेवील, अशी भिंत आण. विस्तवावाचून ऊब आण. तिसरे काम तुला आवडणार नाही, ते मागाहून सांगेन.”

साळुंकी पुढे आणि राणी मागे, अशा दोघी एका निळ्या तळ्याशी पोहोचल्या. राणी पाण्यात उतरली, तर तळाशी एक यक्ष काचेच्या तावदानांच्या राशीवर बसला होता.

“काच पाहिजे? घेऊन जा,” यक्ष म्हणाला. “पण हे शापाचे धन आहे. जो ही काच लावील, त्यालाच ती उघडता येईल. आणि उघडायला त्याचाच हात धजणार नाही.”

“मला ती लावायची आहे. उघडायची कशाला?” राणी म्हणाली, आणि डोईवर तावदाने घेऊन परतली.

दुसरे काम घोड्यांच्या पागेत होते. साळुंकीने सांगितल्याप्रमाणे राणीने अंगणात खड्डा खणवला, त्यात ताजी लीद आणि पेंढा दाबून भरला, वर माती पसरली. राजा नाकाला शेला लावून आला.

“राणी, राजवाड्याच्या अंगणात लीद?”

“महाराज, हात घालून पाहा.”

राजाने हात घातला आणि चटकन काढला. “अहो, हे तर गरम आहे!”

“मग नाक सोडा आणि ती फळी धरा.”

दोघांनी मिळून खड्ड्याभोवती फळ्यांची चौकट उभी केली, मागची बाजू उंच, दक्षिणेची ठेंगणी. रोप आत लावले. वर काचेचे झाकण मात्र राणीने एकटीने ठेवले. फटींत लाख भरली. साळुंकी म्हणाली, “लाख कशाला?” राणीने ऐकले नाही. रोज सांजेला ती काचेवर पेंढ्याच्या चटया घाली, सकाळी काढी. रोपाला नवी पाने फुटली. राणीला पहिल्यांदा झोप लागली.

पण माघ लागला आणि पाने पिवळी पडू लागली. काचेला आतून घाम सुटला. खोडाशी पांढरी बुरशी धरली. राणीने आणखी लाख लावली, दिवसाही चटई ठेवली. पाने गळू लागली.

“थंडी लागते आहे त्याला!” ती म्हणाली.

“थंडी नाही, राणी. तो घुसमटतो आहे,” साळुंकी म्हणाली. “हे तिसरे काम. ऊन चढले की झाकण उघड, ऊन कलायच्या आत लाव. रोज.”

“माघाच्या वाऱ्यात?”

“माघाच्या वाऱ्यातच.”

राणीने लाख खरवडली आणि झाकणाला हात लावला. तोच तिला काचेत दिसले, काळे ठिक्कर पडलेले रोप, आणि त्याखाली निपचित केतू. तिचा हात दगडासारखा जड झाला. राजा पुढे धावला, त्याने जोर लावला. झाकण तसूभर हलले नाही.

“तुम्हाला नाही उघडणार, महाराज,” राणी म्हणाली. “नुसते जवळ उभे राहा.”

तिने डोळे मिटले नाहीत. ते भयंकर चित्र बघत बघतच तिने झाकण उचलले, बोटभर, आणि फटीत काटकी सरकवली. वारा आत शिरला. रोप शहारले. एक पान गळून पडले. वर ढग आला. राणीचा हात काटकीकडे गेला.

“आत्ता नको,” साळुंकी म्हणाली.

“आणखी एक पान पडले तर?”

“पडेल. थांब.”

राणी थांबली. ओठ दाताखाली धरून ती तिथेच बसून राहिली. ढग सरला, काचेवरचा घाम सुकला. ऊन कलायला लागले तेव्हाच तिने काटकी काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच चित्र, तीच भीती, आणि झाकण चार बोटे वर. भीती एक दिवसही चुकली नाही. झाकणही एक दिवस चुकले नाही. बुरशी वाळली. खोड जाड झाले.

चैत्र लागला. एका दुपारी झाकण पुरते उघडे असताना पहिली कळी उमलली, आणि अंगणभर वास दरवळला. वाफ्यात चंद्रकेतू बसला होता, केसांत माती, डोळे चोळत.

“आई, मला भूक लागली.”

राणीने त्याला छातीशी धरले. गडाच्या दाराबाहेर दहिवरी उभी होती. तिला कोणी बोलावले नव्हते, पण राणीने स्वतः जाऊन दार उघडले.

“आत या,” ती म्हणाली. “चुकले माझे.”

दहिवरी आली, शेगडीपाशी बसली, ऊन ऊन पेज प्यायली. तिच्या ओठांवरचा निळेपणा गेला, आणि तिचा शापही तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड वारा सुटला होता. चंद्रकेतू बाहेर खेळायला जाऊ का म्हणाला, आणि राणीने त्याला जाऊ दिले.