जांभईची थोरली बहीण

सृष्टी नवी होती तेव्हाची गोष्ट. निद्रा माणसांकडे नांदायला गेली. पण नेमकी कोणाच्या देहात, हे धाकट्या जांभईला कुणीच सांगितले नाही. ताईच्या ओढीने ती एकेक तोंड उघडून पाहू लागली.

एका दुपारी पापड लाटणाऱ्या गोदूकाकूंचे तोंड उघडून तिने हाक मारली, "ताई, आहेस का गं?"

काकूंनी तोंडापुढे चुटकी वाजवली. "चालती हो बाई, अजून निम्मं पीठ उरलंय!"

हिरमुसलेली जांभई शेजारी बसलेल्या जावेकडे गेली. तिथेही चुटकीच वाजली, तेव्हा ती नणंदेकडे वळली.

अखेर तिघी लाटणी ठेवून तिथेच लवंडल्या. ताई आली, हे ओळखून जांभई धावत परतली. पण तिन्ही तोंडे मिटली होती. आतून येणारा ताईचा संथ श्वास ऐकत ती बराच वेळ ओठांबाहेर बसून राहिली.