पितळी पुरुषाचं एकच उत्तर

एका राज्यात माणसं हळूहळू पितळेची होत होती. आधी नखं, मग हात, मग छाती, मग गळा.

त्याचं मूळ दरबारात होतं. विरूपाक्ष नावाच्या मांत्रिकाने राजा धवलसेनाला एक पितळी पुरुष घडवून दिला होता. प्रजा काय करील, हे राजाने विचारावं आणि पुरुषाने सांगावं. मांत्रिकाने त्याच्या पोटात एकच मंत्र भरला होता: माणूस स्वतःच्या फायद्याखेरीज बोट हलवत नाही. पहिली काही वर्षं पुरुष चुकत असे. पण राजा त्याच्या बोलण्यावरून कायदे करी, विहिरींना कुलपं घाली, आणि तशा कायद्यांखाली जगता जगता प्रजा तशीच होऊन गेली. मग पुरुष चुकेनासा झाला. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, ही तिथली जुनी रीत. आता वाटीतला गूळ तोलून जाऊ लागला. जो तोली, त्याची नखं पिवळी पडत.

राजकन्या मधुलेखा सात नद्यांपलीकडच्या आश्रमात शिकून परतली, तेव्हा तिचा बाप छातीपर्यंत पितळेचा झाला होता. सज्ज्यातल्या साळुंकीने तिला उपाय सांगितला. ज्या दिवशी पुरुष निरुत्तर होईल, त्या दिवशी शाप सुटेल. फायद्याविना वागलेली तीन माणसं त्याच्यापुढे उभी कर.

मधुलेखेने आधी एक नावाडी आणला. आपल्या वैऱ्याला वाचवायला त्याने पुरात उडी घेतली होती.

"त्याला कीर्ती मिळाली," पुरुष म्हणाला. "फायदा."

मग आली गयाबाई. देश सोडून गेलेल्या शेजारणीच्या बंद दारापाशी ती दर सणाला भरली वाटी ठेवून येई.

"लोकनिंदा टळते. फायदा."

गयाबाई फणकारली. "निंदा करायला आमच्या आळीत उरलंय कोण, मेल्या?" पण पुरुषाचं उत्तर देऊन झालं होतं; एकदा दिलेलं उत्तर तो बदलत नसे.

तिसरी सगुणा. तिचं बाळ गेलं होतं, तरी ती रिकाम्या पाळण्यापाशी अंगाई म्हणे.

"दुःख हलकं होतं. फायदा."

सगुणेने आपल्या हातांकडे पाहिलं. नखं पिवळी होत होती. त्या दिवसापासून तिची अंगाई थांबली, आणि ती आपणच थांबवली हे मधुलेखेला कळलं.

पितळ बापाच्या गळ्याशी आलं. "गादीसाठीच धडपडतेस ना, बाळ?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिने मनात खोल शोधून पाहिलं, आणि तिला ठामपणे नाही म्हणता येईना. तिची बोटं पितळेसारखी गार पडली.

तशीच ती पुरुषापुढे जाऊन बसली. जिंकायची आशा संपली होती. तिला फक्त समजून घ्यायचं होतं.

"एवढंच सांग. कोणतं कृत्य पाहिलं असतंस, तर हा फायदा नव्हे असं म्हणाला असतास?"

पुरुषाने ओठ उघडले. मेलेल्या, जित्या आणि अजून न जन्मलेल्या साऱ्या माणसांसाठी त्याच्यापाशी तो एकच शब्द होता. ओठ मिटले. छातीला तडा गेला. आत पोकळी होती.

शाप सुटला. अंगांना ऊब आली, विहिरींची कुलपं निघाली, मांत्रिक सीमेपार हाकलला गेला. सगुणाही हाडामांसाची झाली, पण अंगाई तिने पुन्हा म्हटली नाही.

राजा सिंहासनावरून उतरला. लेकीला पोटाशी धरून म्हणाला, "माग, काय हवं ते."

"काही नको, तात."

राजाचे हात सैल झाले. तो तिचा चेहरा निरखत राहिला. ही काय लपवते आहे, ते त्याला उमगेना.