भाकरीची गोष्ट कोणाची

एका गावात एक कीर्तनकार राहत होता, असं सांगायला गेलो तर ते खोटं होईल. कारण बर्नबा कीर्तनकार कुठल्याच एका गावात राहत नसे. त्याचं घर म्हणजे एक छपराची बैलगाडी. सुगी संपली की गाडी जुंपायची आणि पेरणीचे दिवस येईपर्यंत गावोगाव जाऊन ख्रिस्ताचं कीर्तन करायचं. गाडीत चार माणसं. पुढे कासरा धरून बर्नबा. त्याच्यामागे बायको तबिथा आणि तिची पेटी. शेजारी मोठी लेक सलोमी आणि तिचा तबला. आणि सगळ्यांत मागे, पाय बाहेर सोडून, झांजा घेऊन बसलेला धाकटा तीत.

मुलीच्या जातीनं तबला वाजवायचा म्हणजे काय, असं म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ होते. पण सलोमीची बोटं चालू लागली की त्यांची तोंडं आपोआप मिटत. पेटी, तबला आणि बर्नबाचा खणखणीत आवाज, हे सगळं एका घरातलं! उगाच कौतुक करण्याची मला सवय नाही, पण असं कुटुंब त्या मुलखात दुसरं नव्हतं. ही गाडी गावात शिरली की लोक हातातलं काम टाकून बाहेर येत आणि म्हणत, "जय ख्रिस्त, कीर्तनकार! आज कोणतं आख्यान?"

या गाडीची एक रीत होती. ज्या गावात कीर्तन, त्या गावात तोंडानं काही मागायचं नाही. जेवा म्हटलं तर जेवायचं. नाही म्हटलं तर पोटाला सांगायचं, थांब बाबा जरा. मोठ्या माणसांना ही रीत शोभून दिसते. लेकराच्या पोटाला मात्र असलं काही कळत नाही.

सलोमी सहा वर्षांची असताना काय झालं, एका गावात गाडी सकाळीच पोचली. बर्नबा तिथल्या ख्रिस्ती देवळाच्या पाळकांशी, म्हणजे धर्मगुरूंशी, आणि पंचांशी बोलत बसला. बोलता बोलता दुपार झाली. जेवणाचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि मागायची तर रीत नाही. तिकडे देवळात संध्याकाळच्या प्रभुभोजनाची, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायच्या भाकरीची, तयारी झालेली. पाळकीणबाईंनी भाजलेली भाकर पांढऱ्या फडक्याखाली झाकून ठेवलेली. उपासनेच्या वेळी पाळकांनी फडकं उचललं, तर खाली काहीच नाही! "भाकर कुठं गेली?" असं त्यांनी विचारलं. तेव्हा पहिल्या रांगेतून सलोमी मोठ्यानं म्हणाली, "प्रभूनं खाल्ली." तिच्या हनुवटीला भाकरीचा चुरा लागलेला होता.

देऊळभर हसू फुटलं. तबिथाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सलोमी रडली, चूक कबूल केली. बर्नबानं तिला मांडीवर घेतलं, पाळकीणबाईंनी दुसरी भाकर भाजली आणि उपासना झाली. प्रकरण तिथंच मिटलं असतं.

पण कीर्तनकाराला गोष्ट सापडणं म्हणजे मांजराला दूध सापडण्यासारखंच. पुढच्याच गावी उधळ्या पुत्राचं, घर सोडून गेलेल्या लेकाला बाप पुन्हा पोटाशी धरतो ते आख्यान होतं. बर्नबानं त्यात ती भाकर घातली. लोक आधी पोट धरून हसले. मग बापानं लेकीला मांडीवर घेतलं तिथं आल्यावर बायकांनी डोळ्यांना पदर लावले. झालं! तेव्हापासून भाकरीच्या गोष्टीवाचून बर्नबाचं कीर्तन होईना. तो सलोमीचा आवाज काढी. उपरण्यानं हनुवटी पुसून दाखवी. वर्षागणिक गोष्टीला मीठमसाला वाढत गेला. आणि गोष्ट चालू असताना मागे तबला कोण वाजवी? सलोमीच.

लहान होती तोवर ती लोकांबरोबर हसे. पण लेकरं मोठी होतात, हे बापाला जरा उशिराच कळतं. सलोमी तेरा-चौदा वर्षांची झाली. नव्या गावात पाण्याला गेली की मुली एकमेकींना कोपरानं ढोसत. "हीच का गं ती? भाकरी झाकून ठेवा बायांनो!" ती गप्प घागर भरून परत येई. धाकटा तीतही शहाणा झाला होता. त्याच्या हातून काही फुटलं, सांडलं, की तो आधी म्हणे, "बाबा, हे कीर्तनात नको हं!" बर्नबाला याचं हसू येई. त्याला वाटे, काय हुशार पोरगं आहे!

एकदा उन्हाळ्यात वार्षिक मेळाव्याचं बोलावणं आलं. पंचक्रोशीतल्या साऱ्या मंडळ्या तिथं जमत. तिथलं दुपारचं कीर्तन म्हणजे मोठा मान. बर्नबा आयुष्यभर त्या बोलावण्याची वाट पाहत होता. तो वाटेत इतका खुशीत होता, की बैलांनासुद्धा गाणी म्हणून दाखवत होता.

दुपारी एका ओढ्याकाठी गाडी सोडली. सलोमी लंगडत पाण्याकडे निघाली, तशी तबिथानं तिला थांबवलं. पाय पाहिला तर टाच टम्म सुजलेली. बाभळीचा मोठा काटा आत मोडून बसला होता.

"अगं, किती दिवस झाले याला? बोलली का नाहीस?" तबिथानं विचारलं.

"बाबांना कळलं असतं," सलोमी म्हणाली. "मग पुढच्या गावात लोकांना कळलं असतं."

तबिथानं काटा काढला, हळद भरून फडकं बांधलं आणि तडक नवऱ्याकडे आली. झालं ते सांगितलं. बर्नबा कळवळला. मोठा प्रेमळ बाप होता तो, यात शंकाच नाही. पण जिभेला लागलेली सवय! तो म्हणाला, "अरेरे! पण काय गं तबिथा, लपवलेल्या काट्यावर दृष्टांत किती सुंदर होईल!"

तबिथानं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उगाच कासऱ्याची गाठ सोडू लागला.

"अहो, तुम्ही माणूस आहात का कोण आहात?" ती म्हणाली. "पोरीला दुखलं तर ती बापापासून लपवते. मेळाव्याच्या गावी माझी बहीण आहे. सलोमी म्हणते, मी मावशीकडं राहते, यापुढं गाडीत येत नाही. मी तिला नाही म्हणू शकले नाही."

"त्या गोष्टीनं किती लोक रडतात, किती बापांनी पोरांना जवळ घेतलं, तुला ठाऊक नाही का?" बर्नबा म्हणाला. "हे प्रभूचं काम आहे."

"मग सगळी गोष्ट सांगत जा. पोरगी उपाशी का होती, ते एकदा तरी सांगितलंत का?"

बर्नबा उठून बैलांकडे गेला. त्यानं बैल जुंपले. त्या दिवशी पुढं गाणं झालं नाही.

मेळाव्याच्या गावी पोचल्यावर सलोमीनं आपलं गाठोडं गाडीतून काढलं आणि मावशीच्या घरी नेऊन ठेवलं. दुपारच्या कीर्तनाला तबला वाजवायचं तिनं कबूल केलं होतं. त्यानंतर नाही. बर्नबानं ते गाठोडं जाताना पाहिलं. आपली लेक आपल्यावाचून राहणार, या विचारानं तो दोन पावलं तिच्यामागे गेला. पण तेवढ्यात मेळाव्याचे मुख्य पंच नथानिएल आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बर्नबाभाऊ, भाकरीची गोष्ट घ्या बरं का. लोक त्यासाठी लांबून आलेत. आज रंगली, तर दरसाल हे कीर्तन तुमचंच."

आता सांगा, अशा वेळी भलाभला माणूस घसरायचा नाही तर काय!

मांडव माणसांनी फुलून गेला होता. नमन झालं, भजन झालं, आणि बर्नबानं उधळ्या पुत्राचं आख्यान लावलं. पेटी, तबला, झांजा, सगळं कसं एका श्वासात चाललं होतं. लोक डोलत होते. आणि मग, सवयीनं म्हणा, मोहानं म्हणा, तो म्हणालाच, "मंडळी, आमच्याही घरात असं एक उधळं लेकरू होतं..."

त्याला पुढं सांगावंच लागलं नाही. गोष्ट सगळ्यांना पाठ. पुढून मागून हशा उसळला आणि सारा मांडव एका आवाजात ओरडला, "प्रभूनं खाल्ली!"

तबला थांबला.

बर्नबानं वळून पाहिलं. सलोमी ताठ बसली होती. दोन्ही हात तबल्यावर आडवे ठेवलेले. ती रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. फक्त बापाकडं बघत होती. कीर्तनातला तबला थांबला की लोकांनाही कसंसंच होतं. हशा विरला. पहिल्या रांगेतून नथानिएल पंचांनी हातानं खूण केली, चालू द्या.

बर्नबानं हातातल्या चिपळ्या खाली ठेवल्या. भर कीर्तनात कीर्तनकार चिपळ्या खाली ठेवत नाही. साऱ्या मांडवाच्या देखत तो लेकीसमोर जाऊन उभा राहिला.

"सलोमी," त्यानं विचारलं, "ही गोष्ट सांगायला तुझी ना आहे?"

"हो, बाबा."

"आजच, का कायमची?"

"कायमची."

बर्नबा लोकांकडे वळला. त्याचा खणखणीत आवाज आता नेहमीच्या बोलण्याइतका खाली आला होता. "मंडळी, ती गोष्ट आज होणार नाही. यापुढंही होणार नाही. माझ्या लेकीनं एकदा भाकर उचलली, तर तिनं रडून कबूल केलं आणि तिला क्षमा मिळाली. मी मात्र तिला न विचारता गावोगाव तिची अब्रू उचलत आलो, आणि तुम्ही मला हार घालत आलात. आमच्या घरात चोर होता खरा. पण तो तबल्यावर नव्हता, पुढं उभा होता."



"आणि एक राहिलं," तो म्हणाला. "त्या दिवशी मी 'भुकेल्याला अन्न द्या' या वचनावर पाळकांशी दुपारपर्यंत बोलत होतो. माझं स्वतःचं लेकरू सकाळपासून उपाशी आहे, हे मी पाहिलंही नाही. कुणाला हसायचं असेल तर यावर हसा. ही गोष्ट माझी आहे, ती सांगायची मला मुभा आहे."

कुणी हसलं नाही. तबिथानं पेटीवरून हात काढून पदर डोळ्यांना लावला. तिचा नवरा इतका उंच आहे, हे तिला त्या दिवशीच दिसलं. बर्नबा तसाच उभा होता.  तेव्हा मागून तबल्यावर एक थाप पडली. मग दुसरी. सलोमीनं ठेका धरला होता. तीतनं झांजा उचलल्या, तबिथानं सूर दिला, आणि बर्नबानं पुढचं भजन असं म्हटलं, की तसं त्याला त्याआधी कधी जमलं नव्हतं आणि नंतरही जमलं नाही.

नथानिएल पंचांना हे काही रुचलं नाही. "रंगाचा बेरंग केलात, बर्नबाभाऊ," असं ते तोंडावर म्हणाले. पुढच्या वर्षीचं कीर्तन दुसऱ्याला गेलं. बर्नबाला वाईट वाटलं का? वाटलं की! माणूसच तो. पण संध्याकाळी तो गाडी जुंपायला गेला, तर आत सलोमीचं गाठोडं. वर ती स्वतः बसलेली.

"निघायचं ना, बाबा?" ती म्हणाली.

 बर्नबानं मान हलवली आणि कासरा हातात घेतला. गाव मागे पडल्यावर सलोमी सरकून पुढे येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, टाच अजून ठणकते." बापाला त्या एका वाक्यानं इतका आनंद झाला, की मेळाव्याचा मान त्यापुढं काहीच नव्हता. त्यानं गाडी थांबवली, पाय पाहिला, फडकं सोडून नव्यानं बांधलं. आणि त्यावर दृष्टांत केला नाही.

थोड्या दिवसांनी एका लहानशा वाडीत कीर्तन होतं. देऊळ कसलं, चिंचेखाली अंथरलेली घोंगडी. आख्यान संपत आलं, तशी एक म्हातारी उठून म्हणाली, "अरे कीर्तनकारा, ती भाकरीची गोष्ट राहिली की! मी तेवढ्यासाठी बसले रे."

बर्नबा काही बोलणार, इतक्यात सलोमी तबल्यावरून म्हणाली, "आजी, ती गोष्ट बाबांची नाही, माझी आहे. मला वाटलं तर मी सांगीन. आज वाटत नाही."

म्हातारी बघतच राहिली. मग तिनं जवळ येऊन सलोमीच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि विचारलं, "कुणाची गं तू, एवढी रोखठोक?"

सलोमीनं बापाकडं बोट केलं. "यांची," ती म्हणाली. त्या क्षणी बर्नबाचा ऊर असा भरून आला, की शेवटचा आशीर्वाद त्याला म्हणवेना. तो तबिथानं म्हटला.

तात्पर्य: घरच्या माणसाची चूक पोटात घालायची असते, लोकांत वाटायची नसते. जगाला सुवार्ता सांगायला निघालेल्यानं आधी आपल्या गाडीतल्या माणसांचा मान राखावा.