उकळलेला स्पंज

"रोज उकळते मी तो, बाबा! रोज! मग हा मासा मरायला का टेकलाय?"

लोंढे सिस्टरांचा आवाज असा खणखणला की तकियाच्या आवारात चिंचेखाली पेंगणारी शेळी उठून उभी राहिली.

तकियाचे फकीर दस्तगीरबाबा चहा फुंकत होते. ते फुंकतच राहिले.

"काय उकळता?"

"फिल्टरचा स्पंज. कुकरमध्ये. चांगल्या शिट्ट्या काढून."

"कुकरात…" बाबा विचारात पडले. "आन् वरण?"

"वरणाचा कुकर वेगळा आहे!"

बाबांनी मान हलवली.

सिस्टरांनी ती इवलीशी काचेची टाकी मिरजेतून रिक्षानं, मांडीवर धरून आणली होती. अर्ध्या बादलीचं पाणी मावेल एवढी टाकी. पाणी इतकं नितळ की आहे की नाही असं वाटावं. आणि वरच्या कडेला, शेपूट मिटून, तोंड उघडं टाकून लोंबकळलेला एक निळा फायटर मासा. फिल्टर वेगळा होता, स्टीलच्या डब्यात, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला.

एस्तेर लोंढे हयातभर एका मोठ्या दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होत्या. तिथं शिरायची माशीची हिंमत नव्हती, आणि शिकाऊ डॉक्टर माशीहून जास्त भीत. आपल्या हाताखालून गेलेली जखम कधी पिकली नाही, हे त्या नव्या माणसाला दुसऱ्याच वाक्यात सांगत. सांगायचा हक्कही होता त्यांना. बाबांचा पाय सडत आला होता, तेव्हा ऑपरेशनला त्याच उभ्या होत्या. बाबा आज दोन पायांवर चालत होते, त्यामुळे सिस्टरांनी कितीही आवाज चढवला तरी ते ऐकून घेत.

"मासा कुणाचा?" बाबांनी विचारलं.

"नातीचा. रूथचा."

आणि सिस्टरांचा आवाज एकदम खाली आला.

मुलगा जहाजावर, सुनेला परगावी नवी नोकरी. पोरीनं शाळेसाठी आजीकडं राहावं, असं घाटत होतं. आजीनं तर पलंगसुद्धा घेऊन ठेवला होता. पण रूथ एका सुट्टीत येऊन गेली होती, आणि परत गेल्यावर आईला म्हणाली होती, "आजीच्या घरी कशालाच हात लावायचा नसतो." शेवटी तोड पोरीनंच काढली. आधी माझा मासा आजीकडं राहील. तो राहिला, तर मी येईन.

परीक्षा कुणाची चालली होती हे सिस्टरांना पक्कं कळत होतं. आयुष्यात त्या इतक्या कधी घाबरल्या नव्हत्या.

बाबांनी डबा उघडला, कापड सोडलं. काडेपेटीहून जरा मोठा फिल्टर, आत पांढराशुभ्र स्पंज.

"हा निवडला कुणी?"

"मीच. आधी मोठा घेतला होता. दुकानदार म्हणत होता, टाकी छोटी आहे, छोटाच घ्या. मी म्हटलं, जिवाच्या कामात काटकसर कसली?"

"मंग?"

"मग काय… चालू केला आणि मासा समोरच्या काचेवर जाऊन आदळला. पोहता येईना बिचाऱ्याला. नुसता भेलकांडत होता."

"वारं लागावं म्हणून पंखा लावायचा, बाई. माणूस उडून जाईल एवढा न्हाई." बाबांनी फिल्टर तळहातावर घेऊन पाहिला. "हा बेस हाय. रात्री चालू असतो?"

"छे! रात्री बंद करते. त्यालाही विश्रांती नको?"

"झोपताना तुमी श्वास बंद ठिवता व्हय?"

सिस्टरांनी सोडलेल्या कापडाची घडी घातली.

बाबा उठले. लंगडत कोनाड्यापाशी गेले. तिथं त्यांची स्वतःची टाकी होती, कुण्या भक्तानं आणून दिलेली. काचेच्या कडा हिरवटलेल्या, तळाला दोन-चार सुकी पानं, आणि त्यांच्यामधून दिमाखात फिरणारा गलेलठ्ठ लाल मासा. सिस्टरांनी तिच्याकडं आतापर्यंत मुद्दामच पाहिलं नव्हतं. वॉर्डात असं काही दिसतं तर त्यांनी अर्ध्या दवाखान्याला फैलावर घेतलं असतं.

बाबांनी पाण्यात हात घालून आपल्या फिल्टरचा स्पंज काढला. जुन्या गुळासारखा काळपट, बुळबुळीत.

"हा कधी धुतला होता?" सिस्टरांनी नाकाला पदर लावला.

"आठवत न्हाई. फिल्टरातनं पाणी यायचं थांबलं, की टाकीच्याच पाण्यात जरासा दाबतो. झालं."

"नळाखाली नाही?"

"नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतंय, बाई. त्ये काय नावं विचारून मारतंय?"

असं म्हणत बाबा परत आले, सिस्टरांच्या टाकीवर हात धरला… आणि तो स्पंज पिळला.

तपकिरी गढूळ ढग त्या नितळ पाण्यात खाली खाली उतरत गेला. निळा मासा दिसेनासा झाला.

"बाबा!" सिस्टर किंचाळल्याच. "जंतू आहेत त्यात!"

"हायत की."

"अहो, जंतू!"

"तेच कामाला हायत. माशानं केलेली घाण ते खात्यात. तुमी रोज सगळ्या कामगारांस्नी कुकरात घालताय… आन् इचारताय, काम का हुईना."

सिस्टरांचं तोंड उघडं राहिलं. हयातभर ज्यांच्यावर डूख धरला, ते कामगार?

बाबांनी अडकित्त्यानं आपला स्पंज मधोमध कापला. अर्धा कोनाड्यात परत गेला. अर्धा त्यांनी त्या छोट्या फिल्टरमध्ये, पांढऱ्या स्पंजाला चिकटून बसवला.

"थेटरात तुमचं बरोबर होतं," ते काम करता करता म्हणाले. "माझा पाय त्यानंच वाचला. पर थेटरात कुणी ऱ्हायला येत न्हाई, बाई. जखम शिवली की भाईर."

शेळी परत बसली.

"आता मी काय करू?" सिस्टरांनी अखेर विचारलं.

"काय बी न्हाई."

"म्हणजे?"

"फिल्टर बंद करायचा न्हाई. धुवायचा न्हाई. दाणे निम्मे टाका. अधनंमधनं तांब्याभर पाणी काढा आन् तेवढंच नवं घाला, घागरीत दिवसभर उघडं ठिवलेलं, म्हंजे औषध उडून जातंय. उकळायचं न्हाई. बाकी… बसून ऱ्हावा."

"नुसतं बसून?"

"तुमाला तेवढंच येत न्हाई," बाबा म्हणाले आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

घरी आल्यावर सिस्टरांनी टाकी टेबलावर ठेवली, फिल्टर चालू केला आणि समोर खुर्ची ओढून बसल्या. गढूळ पाण्यात काही दिसत नव्हतं. एका कोपऱ्यातून बारीक बारीक बुडबुडे तेवढे येत होते.

ऑपरेशन चालू असताना तासन्‌तास उभं राहणं त्यांना कधी जड गेलं नव्हतं. हे बसणं मात्र जिवावर आलं. हात शिवशिवत होते. कुकर फडताळातून निघाला आणि परत गेला, असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी त्यांनी तो शेजारच्या पाटोळ्यांकडं ठेवायला दिला. पाटोळेबाईंनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "माझ्यावर माझा भरवसा नाही."

रोजची प्रार्थना त्या मोठ्यानं करत. त्यात आता एक ओळ वाढली होती. "प्रभू, एवढे दिवस माझे हात बांधून ठेव."

पाणी हळूहळू निवळलं. पहिल्यासारखं काचेसारखं नाही, किंचित चहाच्या रंगाचं. मासा पहिल्यांदा खाली उतरला. मग एकदा दाण्यावर झेपावला. मग एके सकाळी त्यानं आपले निळे पंख असे काही पसरले की सिस्टर दात घासायच्या विसरल्या.

त्यांना एवढा आनंद झाला की तो जरा चोरूनच ठेवावासा वाटला. अजून काही झालं नव्हतं. पोरीला अजून सांगितलं नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी पाण्यावर फेस दिसला.

एका कोपऱ्यात, पांढरा, चिकट, बुडबुड्यांचा थरच्या थर. साबण पडला का? पाणी नासलं का? चमचा हातात आलासुद्धा. फेसाला टेकणार, तेवढ्यात मासा खालून सुळकन वर आला, तोंडातून एक बुडबुडा सोडला, तो नीट इतरांना चिकटवला आणि पुढचा आणायला गेला.

चमचा तसाच हवेत राहिला.

तेवढ्यात फोन वाजला. सून होती, पण पडद्यावर तोंड रूथचं. "आजी, मासा दाखव!"

सिस्टरांनी फोन टाकीपुढं धरला.

पलीकडून जी किंकाळी आली, ती पाटोळ्यांच्या घरापर्यंत गेली असणार.

"आजी! त्यानं घर बांधलं! फायटर खूश असला ना, की घर बांधतो! माझ्याकडं त्यानं कध्धी नव्हतं बांधलं!"

"असं…?" सिस्टरांनी चमचा खाली ठेवला.

"आई, मी जाणार आजीकडं. रविवारीच जाणार. आजी, तू ते घर काढू नकोस हं!"

"नाही काढणार," सिस्टर म्हणाल्या. फोन ठेवला, आणि एस्तेर लोंढे, जिला थिएटरमध्ये कुणी कधी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं, ती खुर्चीत बसून ढसाढसा रडली. किती दिवसांचं ओझं उतरलं होतं. रडून झाल्यावर भूक लागली, म्हणून दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

संध्याकाळी त्या तकियात गेल्या. घरचा केक नेला होता. बाबांनी तो हातानं तोडला, एक तुकडा शेळीपुढं टाकला, एक सिस्टरांच्या हातावर ठेवला. सिस्टरांनी तुकड्याकडं पाहिलं, बाबांच्या नखांकडं पाहिलं… आणि खाल्ला.

बाबा मोठ्यानं हसले. सिस्टरही हसल्या. एवढं मोकळं हसू त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटलं.

"रविवारी येते ती," त्या म्हणाल्या. "पण बाबा, खरं सांगू? अजून धाकधूक आहे. मासा होता, तो बोलत नव्हता. पोर घरात आली, की माझे हात पुन्हा सुरू होतील. थिएटर किती स्वच्छ असावं ते मला झोपेतही सांगता येईल. घर किती स्वच्छ असावं?"

बाबांनी बोटाला लागलेला केक चाटला. शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. चिंचेत पाखरं गलका करत होती.

"मला काय इचारता, बाई… तिलाच इचारा. आन् ती सांगत असताना हात धुवायला उठू नका."