सगळ्यांनी पाहिलेली ओल

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचं नाव आता कुणाला आठवत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही.

गावाच्या वरच्या अंगाला मोठं तळं होतं. तळ्याला मातीचा बांध होता आणि बांधाच्या अगदी खाली एका कुंभारणीचं घर होतं. घरात ती आणि दिवस भरत आलेली तिची सून. बांध फुटला असता, तर पाणी आधी त्यांच्याच दारात आलं असतं.

त्या उन्हाळ्यात कुंभारणीला बांधाच्या पायथ्याशी ओल दिसली. तिने बोट घातलं, ते सहज आत गेलं.

असा बांध एकट्याने दुरुस्त होत नाही. ओली जागा उकरायची, चिकणमाती भरायची, पायांनी तुडवून घट्ट करायची, आणि हे सगळं एका दिवसात. अर्धवट उकरून सोडला, तर रोगापेक्षा औषध भयंकर! त्याला घरटी एक माणूस आणि एक टोपली लागते.

कुंभारीण सुताराकडे गेली.

"पाहिलीय मी ती ओल," सुतार म्हणाला. "पण काकू, बाकीच्यांना कुठे पत्ता आहे? मी एकटाच टोपली घेऊन गेलो तर लोक वेड्यात काढतील."

मग ती धनगराकडे गेली. त्यानेही ओल पाहिली होती आणि त्याचंही म्हणणं तेच. तेलिणीने तर तिलाच दटावलं, "हळू बोल, कुणी ऐकेल!"

शेवटी ती पाटलाकडे गेली.

"ही गोष्ट माझ्या कानात सांगणारी तू एकोणिसावी," पाटील म्हणाला. "बाकीच्यांना सांगितलं तेच तुला सांगतो. बाहेर बोलू नकोस. लोक घाबरतील."

पाटील वाईट नव्हता. गाव शांत असलं की गाव ठीक आहे, असं त्याला मनापासून वाटायचं. अशी माणसं जगात पुष्कळ.

कुंभारणीने घरी येऊन कपाळावर हात मारला. एकोणीस जणांना माहीत, आणि एकोणीसही जण एकेकटे!

पेरणीआधी बांधाची पूजा व्हायची. पाटील नारळ फोडायचा आणि विचारायचा, "बांध कसा आहे?" गावाने एका सुरात म्हणायचं, "भक्कम!" त्या दिवशी वाईट बोलायचं नाही, अशी रीत होती.

यंदाही सगळे "भक्कम!" म्हणाले. आवाज मात्र पडलेलेच होते. तेवढ्यात कुंभारीण मोठ्याने म्हणाली, "पाझरतोय."

"अगं, शुभ बोल!" तेलीण म्हणाली.

"शुभ बोलून ओल सुकली असती, तर मीच आधी बोलले असते."

ओल बघायला कुणी गेलं नाही. गरजच नव्हती. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते, आणि एकाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं.

"म्हणजे तूही पाहिलीस?" धनगराने सुताराला विचारलं.

"मी तर शिमग्यापासून बघतोय," सुतार म्हणाला.

मग कुणाला बोलवावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर घरटी एक टोपली आली, काही घरांतून दोन आल्या. दिवस मावळायच्या आत माती तुडवून झाली.

त्या वर्षी तळं काठोकाठ भरलं. बांध तसूभरही हलला नाही. भर पावसात कुंभारणीच्या सुनेला मुलगी झाली, आणि नातीला मांडीवर घेऊन कुंभारीण आनंदाने रडली.

बारशाला पाटील आला. जरा घुश्शातच म्हणाला, "त्या दिवशी तू नवीन असं काय सांगितलंस? सगळ्यांना ठाऊकच होतं."

"होतं ना," कुंभारीण म्हणाली. "पण सगळ्यांना ठाऊक आहे, हे तुम्हा एकट्यालाच ठाऊक होतं. आणि तुम्ही गप्प बसलात."

पाटलाने मान खाली घातली.

तेव्हा मंडळी, एवढं ध्यानात ठेवा: प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट चारचौघांत बोलली जाते, तेव्हाच ती सगळ्यांचं काम होते.